हुरड्याच्या दिवशीचं मतदान

नाना कातोरेंनी माझ्या हातातला कागद वाचला आणि ते हसले. नाना आमच्या पक्षाचे प्रतोद, म्हणजे आमदारांनी सभागृहात कधी बसायचं आणि कोणत्या बाजूनं मत द्यायचं हे सांगणारा माणूस. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचा दुसरा आठवडा होता. दुपार झाली तरी लॉबीत जेवणाचं कोणी नाव काढत नव्हतं, कारण सगळ्यांनी पोटं हुरड्यासाठी राखून ठेवली होती. काटोल रोडला आमच्या एका जुन्या आमदाराचा मळा होता आणि दर अधिवेशनात एक दुपार तिथे हुरडा व्हायचा. आमचे लोक जायचेच, विरोधी बाकांवरचेही निम्मे जायचे. ज्वारीच्या कणसाला पक्ष नसतो. त्या दिवशी कामकाजात मुद्दाम हलकी विधेयकं ठेवायची. हलकी म्हणजे ज्यांच्यावर कोणी भांडत नाही अशी. त्या वर्षी हलकं ठरलं होतं ते शाळांचं विधेयक.

“यमुनाताई, सुधारणा मांडायची तर खुशाल मांडा,” नाना म्हणाले. “मंत्री म्हणतील तपासून पाहू. तुम्ही म्हणा मागे घेते, आणि बाहेर या. तुमच्यासाठी एक गाडी मागे ठेवतो.”

ही रीत मला चांगली ठाऊक होती. आमदारानं सुधारणा मांडायची, मंत्र्यांनी गोड बोलून आश्वासन द्यायचं, आमदारानं ‘आश्वासनानंतर मागे घेते’ म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात दोघांचंही नाव यायचं. पहिल्यांदा निवडून आलेली मी, तोवर अशा दोन-तीन सुधारणा मुकाट्यानं मागे घेऊन बसले होते. त्या आश्वासनांचं पुढे काय झालं ते विचारायला गेलं, की लग्नात आंदणाचं भांडण काढल्यासारखे सगळे माझ्याकडे पाहायचे.

या वेळी मागे घेणार नाही, असं मी नानांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, पहिल्या टर्मला सगळेच असं म्हणतात, आणि हुरडा गरम आहे तोवरच चांगला लागतो. एवढं बोलून ते पोर्चकडे गेलेसुद्धा. माझं म्हणणं त्यांना थट्टाच वाटलं.

थट्टा नव्हती. त्या विधेयकात एक शब्द होता. शाळेच्या चाचण्यांत लागोपाठ नापास होणाऱ्या मुलाला कायदा ‘मंदबुद्धी विद्यार्थी’ म्हणणार होता. शब्द जुनाच, मागच्या कायद्यातून उचललेला. पण आतापर्यंत तो शाळेच्या कपाटात पडून असायचा. नव्या विधेयकानं तो शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणला. दाखल्यावर शेरा असला की मुलाला परीक्षेत जास्तीचा वेळ मिळेल, शिकवायला वेगळा शिक्षक मिळेल. सवलत चांगली होती, तिला माझा विरोध नव्हता. पण ती हवी तर पोरांनी आधी कपाळावर गोंदवून घ्यायचं, हे कुठलं शहाणपण? दाखला म्हणजे काही बसचं तिकीट नाही, उतरलं की फेकून दिलं. तो माणसाला जन्मभर पुरतो.

आणि असं एक पोर माझ्याच घरात होतं.

माझी वृषाली तेव्हा नववीत होती. आमचं गाव अकोल्याजवळ, शाळा शहरातली. पोरगी बोलायला लागली की समोरच्याला पळायला जागा ठेवायची नाही. रेडिओवर ऐकलेल्या बातम्या रात्री जेवताना जशाच्या तशा सांगायची, माझी भाषणं माझ्याआधी तिला पाठ व्हायची. पण छापलेलं पान समोर आलं की अक्षरं तिला जागेवर सापडायची नाहीत. एक ओळ लावेपर्यंत घाम फुटायचा. दिवाळीनंतर वर्गशिक्षकांनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं, नवा कायदा येतोय, गावंडेच्या दाखल्यावर काय लिहायचं ते आता सरकारच सांगणार आहे. त्या दिवसापासून तिनं शाळेचं नाव टाकलं. मी समजावलं, रागावले, तिच्या बाबांनी मोबाइल कबूल केला. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी अधिवेशनाला येताना मी तिला सोबतच घेऊन आले.

त्या सकाळी आमदार निवासातल्या खोलीत ती चहा करत होती आणि मी सुधारणेचा मसुदा पुढ्यात घेऊन बसले होते. त्या शब्दाच्या जागी काय घालावं ते सुचेना. ‘अप्रगत’ लिहिलं, खोडलं. ‘विशेष’ लिहिलं, खोडलं. कारलं साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच. शेवटी तिलाच विचारलं, कायद्यानं तुला काय म्हणावं?

“मले कायले काही म्हणाले पायजे?” ती गाळणं आपटत म्हणाली. “सरायले शिकवता नाही आलं. तसं लिव ना.”

मी तसंच लिहिलं. ‘मंदबुद्धी विद्यार्थी’ या शब्दांऐवजी ‘ज्याला शिकवण्यात शाळा कमी पडली असा विद्यार्थी’ हे शब्द दाखल करावेत. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आता बरोबर आहे, पण हे लोक ऐकतील का? मी म्हटलं, नाहीच ऐकलं तर? तर मग मी शाळेत जाणार नाही, ती म्हणाली, आणि कपात चहा ओतला. आदळआपट नाही, रडणं नाही. तिनं ते ठरवून टाकलं होतं.

नानांच्या गाड्या निघून गेल्यावर शिक्षणमंत्री दिनकरराव हंबर्डे यांनी मला दालनात बोलावून घेतलं. हंबर्डेसाहेब माणूस वाईट नव्हते, कोणाचंही मन दुखवायचं त्यांच्या जिवावर यायचं; त्यामुळे ते सगळ्यांना होच म्हणायचे आणि कोणाचंच काम व्हायचं नाही. त्यांनी संत्रा बर्फी पुढे केली. शेजारी खात्याचे सचिव बसले होते. सचिवांनी मला समजावलं की कायद्यात व्याख्या व्यक्तीची असते, संस्थेविरुद्धची तक्रार व्याख्येत घालत नाहीत. आणि मुख्य म्हणजे, शाळा कमी पडली असं शाळेच्याच शिक्क्यानिशी लिहून दिलं, की उद्या प्रत्येक आईबाप जाब विचारायला शाळेच्या दारात येईल.

“येऊ द्या की,” मी म्हटलं. “आजवर शाळाच आईबापाला बोलावून जाब विचारत होती.”

मंत्री म्हणाले, शब्द इतका खुपत असेल तर ‘मंदगती’ करू, पुढच्या अधिवेशनात नक्की बघू, आज मात्र मागे घ्या. मी म्हटलं, साहेब, दगडाऐवजी वीट मारली म्हणून डोकं फुटायचं राहतं का? त्यावर त्यांनी बर्फीची बशी बाजूला सारली आणि आवाज खाली आणला.

“ताई, तुमच्या कन्येचं माझ्या कानावर आलंय. वडीलकीच्या नात्यानं सांगतो. उद्या पेपरवाल्यांनी छापलं की बाईंनी घरचं दुखणं सभागृहात आणलं, तर त्या पोरीचंच नाव चव्हाट्यावर येईल. चालेल तुम्हाला?”

आवाजात मध होता, पण धमकी ती धमकीच. मला आधी भीती वाटली आणि मग त्या भीतीचाच राग आला. कारण माणूस खोटं बोलत नव्हता. पेपरात आलं तर मी आमदार म्हणून मिरवले असते, लोकांच्या नजरा झेलायच्या होत्या तिला. विचार करते, एवढंच म्हणून मी उठले.

तडक प्रेक्षक गॅलरीत गेले. वृषा कठड्याजवळच्या रांगेत बसून खालची रिकामी बाकं पाहत होती. तिला सगळं सांगितलं, मंत्र्यांचं बोलणं जसंच्या तसं. पेपरात येऊ शकतं, शाळेत चर्चा होईल, पुढे सोयरीक जुळवताना कोणी उकरून काढील, तेही सांगितलं. नको म्हणालीस तर आत्ता खाली जाऊन मागे घेते, असंही म्हटलं. आणि खरंच घेतलं असतं.

तिनं जरा वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

“शाळेत तं सगळ्यायले माहीतच आहे,” ती म्हणाली. “घे नाव. पण पुरं घे. नुसतं ‘माझी मुलगी’ नको म्हणू.”

मी उठले तशी तिनं विचारलं, खाली इतकेच लोक काहून आहेत? बाकीचे हुरडा खायला गेले, मी म्हटलं. तिला ते पटलंच नाही. कायदा करायच्या दिवशी कोणी हुरडा खायला जातं का, म्हणाली. तिला काय सांगणार, कायद्याच्याच दिवशी जातात.

जिन्यात तुळशीराम मडावी भेटले. विरोधी पक्षाचे, गडचिरोलीकडचे, कितव्यांदा निवडून आले ते त्यांनाही चटकन सांगता यायचं नाही. तोंडात एकही दात नव्हता, आणि कवळी बसवली की बोलताना शिट्टी वाजते म्हणून ती खिशातच असायची. त्यामुळे आमंत्रण असूनही ते हुरड्याला गेले नव्हते. माझी सुधारणा त्यांनी वाचली होती. मागे घेणार का, विचारलं. मी नाही म्हटल्यावर ते तिथंच पायरीवर टेकले आणि मला शिकवणी दिली.

ते म्हणाले, आधी आवाजी मतदान होईल. मंत्र्यांची माणसं थोडी असली तरी गळे मोठे, अध्यक्ष ‘नाहीचं बहुमत’ म्हणून मोकळे होतील. त्याच क्षणी उठायचं आणि पोल मागायचा. मग गळे नाही, डोकी मोजावी लागतात. घंटा वाजते, दारं बंद होतात, आणि मतदान एकदा सुरू झालं की विषय पुढे ढकला असं मंत्र्यालाही म्हणता येत नाही. पण त्याआधी त्यांना नुसता वास जरी लागला तरी ते आजचा विषयच गुंडाळतील. म्हणून आत जाऊन गरीब गायीसारखं बसायचं. आपली जी माणसं उपाहारगृहात आणि ग्रंथालयात आहेत त्यांना ते स्वतः सांगून ठेवतील.

मला एकच धास्ती होती. पक्षादेश निघालेला असताना त्याविरुद्ध मत दिलं तर आमदारकीच जाते. मी विचारलं, आमचा पक्षादेश असेल ना?

“बाई, शाळेच्या विधेयकाले कोणी पक्षादेश काढते का?” मडावी हसले. “नाना सकाळपासून हुरड्याच्या गाड्या लावून राहिले. त्यायनं काढलाच नाही.”

म्हणजे आमदारकी वाचत होती. पुढच्या वेळचं तिकीट वाचत नव्हतं, हे मडावींनीही सांगितलं आणि मलाही कळत होतं. तिकिटाचं तिकिटाच्या वेळी पाहू, म्हटलं. पोरगी आत्ताच घरी बसली होती.

मी सभागृहात गेले तेव्हा कामकाज आमच्या विधेयकावर आलंच होतं. अध्यक्षांची खुर्ची त्या दुपारी आमच्याच एका सदस्याकडे होती. त्यांनाही मळ्यावर पोचायची घाई असावी, कलमांमागून कलमं भराभर मंजूर होत होती. ‘होय’, ‘नाही’, ‘होयचं बहुमत’. आरतीची शेवटची कडवी घाईत म्हणावीत तसं चाललं होतं. मग त्यांनी माझं नाव घेतलं आणि मी उभी राहिले.

शब्द का बदलायचा ते थोडक्यात सांगितलं. कोणी ऐकत नव्हतं. एक जण पेपरातलं कोडं सोडवत होता, मंत्री सचिवांच्या चिठ्ठीवर सही करत होते. मग मी वर पाहिलं.

“अध्यक्ष महाराज, मला खासगीत सांगण्यात आलं की हे माझ्या घरचं दुखणं आहे. हो, आहे. वृषाली मधुकर गावंडे, इयत्ता नववी. ती वर गॅलरीत बसली आहे. पहिलीपासून ती शाळेत गेली. शिकवायचं काम शाळेनं पत्करलं होतं, तिनं नाही. आणि इतक्या वर्षांनी कायदा म्हणतो, मंद ती आहे. माझी म्हैस दूध देईना तर मी आधी गोठ्यातली वैरण पाहते, म्हशीच्या कपाळावर शेरा मारत नाही. ज्याला काम जमलं नाही त्याचं नाव कायद्यानं घ्यावं. माझं एवढंच म्हणणं आहे.”

कोडंवाल्यानं पेन खाली ठेवलं. मंत्र्यांनी मात्र मान डोलवली, सन्माननीय सदस्यांच्या भावना मी समजू शकतो म्हणाले, शासन याबाबत सहानुभूतीनं तपासून पाहील म्हणाले, आणि सुधारणा मागे घेण्याची विनंती करून समोरचे कागद गोळा करू लागले. अध्यक्षांनी मला विचारलं, मागे घेता ना? उत्तर त्यांनी बहुतेक आधीच लिहून ठेवलं होतं.

“नाही,” मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. मंत्री हसून म्हणाले, मग मताला टाका. टाकलं. ‘होय’ला माझा आवाज, मडावींचा बोळका आवाज आणि मागून दहा-पंधरा. ‘नाही’ला आमच्या बाकांवरच्यांनी छप्पर उचललं. नाहीचं बहुमत आहे, असं अध्यक्षांनी जाहीर केलं, आणि मी खाली बसलेच नव्हते.

“पोल, अध्यक्ष महाराज. मी पोल मागते.”

तेव्हा हंबर्डेसाहेबांनी पहिल्यांदा मागे वळून स्वतःची बाकं पाहिली. भर बाजारात आल्यावर धोतर घरीच राहिल्याचं लक्षात यावं, तसा चेहरा झाला त्यांचा. घाईनं उठून ते म्हणाले की विषय महत्त्वाचा आहे, उद्यावर घ्यावा. मडावी उभे राहिले आणि म्हणाले, मतदान सुरू झालंय, आता ब्रह्मदेवालाही बोलता येत नाही. अध्यक्षांनी खाली बसलेल्या विधानमंडळाच्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मडावींच्या बाजूनं मान हलवली.

घंटा वाजायला लागली. मंत्र्यांचा स्वीय सहायक फोन कानाला लावून पोर्चकडे पळाला. पण काटोल रोडवरून घंटेच्या अवधीत यायचं तर अंगात मारुती यायला हवा. दारातून आत येत होते ते मडावींचे लोक, उपाहारगृहातून, ग्रंथालयातून, कोणी मिशीला लागलेला रस्सा पुसत. आमचेही पाच-सहा आले, काय चाललंय ते एकमेकांना विचारत. तेवढ्यात हंबर्डेसाहेब माझ्या बाकाशी येऊन वाकले.

“ताई, अजून वेळ गेलेली नाही. खाली बसा. नाहीतर पुढच्या निवडणुकीला मी तुमच्यासाठी काही करू शकणार नाही.”

“साहेब, तुम्ही आत्ताही काही करू शकत नाही,” मी म्हटलं. “दारं लागताहेत.”

दारं लागली. सुधारणेच्या बाजूनं असणाऱ्यांनी उभं राहावं, असं पुकारलं. समोरची सगळी विरोधी बाकं उठली. आमच्या बाजूला मी एकटी. आपल्याच माणसांत एकटीनं उभं राहणं काय असतं ते तेव्हा कळलं. कोणी काही बोलत नाही, नुसते पाहतात, आणि आपण काहीतरी चोरलंय असं वाटायला लागतं. मी बाकाची कड घट्ट धरली. मोजणी करणारे रांगेरांगेनं येत होते.

मग माझ्या मागच्या रांगेत खुर्ची करकरली. किसनराव भोंगळे उभे राहिले. मराठवाड्यातले, आडदांड गडी, एवढ्या वर्षांत सभागृहात तोंड उघडलं नव्हतं. मंत्र्यांना वाटलं त्यांचा घोटाळा झाला. त्यांनी खुणेनं बसा, बसा केलं.

“मला कळतं कधी उभं राहायचं ते,” भोंगळे म्हणाले.

त्यांच्या मागोमाग आणखी एक जण उभा राहिला, तो कोडं सोडवणारा. भोंगळ्यांच्या घरी कोण होतं, किंवा ते स्वतःच कधी कोणत्या वर्गात मागच्या बाकावर होते, मी कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

होय चौतीस, नाही एकतीस. सुधारणा संमत झाली. निकाल वाचणाऱ्या अधिकाऱ्याचा स्वतःवरच विश्वास बसत नसावा, आकडे त्यानं कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचले. गॅलरीत टाळ्या वाजवायला बंदी असते. मी वर पाहिलं तर वृषानं अर्धी ओढणी तोंडात कोंबून धरली होती आणि मार्शल तिच्याकडे डोळे वटारत होता.

दारं उघडली तर समोर नाना कातोरे. जाकिटावर ज्वारीची कुसं, हाताला चटणीचा वास, मागे त्यांच्यासारखेच दहा-बारा जण धापा टाकत. वरातीमागून घोडं. त्यांनी विचारलं, यमुनाताई, हे काय करून बसलात? मत दिलं, मी म्हटलं. मग सगळ्यांसमोर नाना म्हणाले, पुढचं तिकीट विसरा. माझं उत्तर तयार होतं, पण वृषा जिन्यानं धावत आली आणि तिचं भांडण वेगळंच होतं. इतक्या मोठ्या सभेत मी तिला म्हैस म्हटलं म्हणे. तिची समजूत घालता घालता नानांना द्यायचं उत्तर राहूनच गेलं.

वरच्या सभागृहात विधेयक तसंच पुढे गेलं, कारण सरकारला पुन्हा डोकी मोजून घ्यायची हौस नव्हती. नानांनी मात्र शब्द पाळला. पुढच्या निवडणुकीत माझं तिकीट त्यांच्या साडूच्या मुलाला मिळालं. वाईट नाही वाटलं असं म्हटलं तर खोटं होईल. चांगलं वाटलं होतं मला आमदार असणं. कितीतरी दिवस घास गोड लागला नाही. पण परत तीच दुपार आली तर परत तेच करीन, हे तेव्हाही माहीत होतं.

वृषा जानेवारीत शाळेत गेली. काठावर का होईना, नववी निघाली. दहावीला तिला दुसऱ्या शाळेत घालायचं ठरलं, तिथे वेगळा शिक्षक नेमला होता. म्हणून जूनमध्ये आम्ही दोघी जुन्या शाळेत दाखला आणायला गेलो. मुख्याध्यापकांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला, दाखला तयारच होता. शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं, ‘निरंक’.

मी म्हटलं, सर, इथे कायद्याप्रमाणे शेरा यायला हवा. सर हसले. आमच्या शाळेत आता तसे विद्यार्थीच नाहीत, म्हणाले. तालुक्यातल्या कुठल्याच शाळेत नाहीत. गेल्या वर्षी एकट्या नववीत अकरा पोरं मंदबुद्धी होती. कायद्याचा शब्द बदलला आणि अकराच्या अकरा उन्हाळ्याच्या सुट्टीत हुशार झाली. माझं डोकं तापलं, तोंड उघडलं, पण वृषा माझ्याआधी बोलली.

“सर, शेरा लिहा ना.”

सर म्हणाले, अगं, कशाला? चांगला कोरा दाखला देतोय तुला.

“मले परीक्षेत जास्तीचा वेळ पायजे. शेऱ्याबिगर देत नाहीत.” ती उठून टेबलाजवळ गेली. “आन् तो शेरा माह्यावर नाही आहे, सर. तुमच्यावर आहे. मले त्याची लाज नाही वाटत.”

सर माझ्याकडे पाहायला लागले. मी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहायला लागले. संस्थेला विचारावं लागेल, ते म्हणाले. विचारून या, आम्ही बसतो, मी म्हटलं. चहा आला, आम्ही तो प्यायलो. सर बाहेर गेले, कोणाशी तरी फोनवर बोलले, परत आले, त्यांनी लिपिकाला विचारलं, लिपिकानं कायद्याची प्रत पुढे केली. शेवटी त्यांनी कोरा दाखला घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं: हिला शिकवण्यात शाळा कमी पडली. खाली सही केली आणि शिक्का मारला.

वृषानं दाखला हातात घेतला आणि तिथंच उभी राहून वाचायला लागली, मोठ्यानं, अक्षरावर बोट ठेवून. ‘शिकवण्यात’वर अडली, मागे आली, पुन्हा गेली. लिपिकानं हातातलं काम थांबवलं. दाराशी दाखल्यासाठी आलेले दोन बापे उभे होते, तेही ऐकायला लागले. सर म्हणाले, घरी जाऊन वाच ना. तिनं मान वर केली नाही. ‘शाळा’पर्यंत पोचली, ‘कमी’पर्यंत पोचली, आणि शेवटचा शब्द तिनं दोनदा वाचला.